कुराहाशी-सान आणि चार नंबरची चिप

कुराहाशींनी माझी मुलाखत अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावी एका पार्किंग लॉटमध्ये चालता चालता घेतली. नोव्हेंबरचा महिना, माझ्या अंगावर सांगलीहून आणलेला स्वेटर, पायांत चपलांपेक्षा जरा बऱ्या अशा सँडल्स. ते पुढे, मी मागे. तीन चकरा झाल्यावर त्यांनी विचारलं, तुम्ही व्हिडिओ गेम खेळता का. मी खरं ते सांगून टाकलं, की आयुष्यात एकदाही खेळले नाही आणि जी मुलं ते खेळतात त्यांच्या आयांची मला कीव येते. बोलून गेल्यावर वाटलं, झालं, गेली नोकरी. ते थांबले, माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुड. सोमवारी या. आणि बूट घ्या."

मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. लग्न होऊन अमेरिकेत आले तेव्हा डिग्री सुटकेसच्या तळाशी होती, आणि ती जन्मभर तिथेच राहते की काय असं मला वाटायला लागलं होतं. मेघना, आमची मुलगी, शाळेत जायला लागली आणि मी दिवसभर घरात बसून भिंतींशी भांडायला लागले, तेव्हा श्रीकांतनेच, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पेपरातली ती जाहिरात कापून आणली. मूळ कंपनी ओसाकाची. शॉमबर्गला तिचं बारा-पंधरा माणसांचं ऑफिस. माल म्हणजे नाणं टाकून खेळायची, कपाटाएवढी गेमची मशिन्स. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती ती. गेमचं पहिलं वेड ओसरलं होतं, अशी मशिन्स मांडून ठेवलेली आर्केड एकापाठोपाठ एक बंद पडत होती. अशा वेळी त्या धंद्यात शिरणारी मी आणि जपानहून मुद्दाम मागून इथली पोस्टिंग घेतलेले कुराहाशी, दोघंही जरा उलट्या खोपडीचेच.

माझं काम चिपा भरण्याचं. आमच्या गेमचा सगळा प्रोग्रॅम सहा चिपांत मावायचा. गेममध्ये काही बदलायचं झालं की ती ती चिप बोर्डवरून उपटायची, जांभळ्या दिव्याच्या एका डबीत वीस मिनिटं ठेवून पुसायची, मग नवीन प्रोग्रॅम भरायचा, वर नंबर आणि तारखेचं लेबल लावायचं आणि पुन्हा बोर्डात दाबून बसवायची. सोपं काम. फक्त ती वीस मिनिटं कुराहाशींना सोसत नसत. ते डबीपाशी उभे राहत, मग खिडकीपाशी जात, मग परत डबीपाशी. खिशातल्या पेन्सिलींचे तुकडे काढून टेबलावर ओळीने लावत आणि पुन्हा खिशात भरत. एकदा मी वैतागून म्हटलं, की तुम्ही इथे उभे राहिलात म्हणून दिवा काही जोरात जळणार नाही. त्यांनी गंभीरपणे मान हलवली, दाराबाहेर गेले आणि दाराबाहेर येरझारा घालायला लागले. पायाला भिंगरी लागलेली माणसं मी पुष्कळ पाहिली होती, पण ती कुठेतरी जाणारी तरी होती.

पन्नाशीच्या अलीकडचं वय, बुटका बांधा, केस अकाली पांढरे. सगळे त्यांना कुराहाशी-सान म्हणत; जपानीतलं 'सान' म्हणजे आपल्याकडचं 'राव'. ऑफिसात त्यांना खुर्ची होती. तिच्यावर त्यांचा कोट बसायचा. जेवणही उभ्यानेच. माझ्या डब्यातलं लिंबाचं लोणचं त्यांनी एकदा चाखलं आणि तेव्हापासून रोज बारा वाजता स्वतःच्या भाताचा डबा घेऊन ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायला लागले. मागायचे नाहीत. नुसते उभे राहायचे. मी फोड वाढली की वाकून आभार मानायचे, आणि तेवढ्यात गेमबद्दल एखादा बदल सांगून टाकायचे. लोणच्याच्या एका फोडीला एक बदल, असा हिशेब मी श्रीकांतला सांगत असे.

त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर 'प्रोड्यूसर' असं छापलेलं होतं. या शब्दाचा त्यांना राग होता. तरुणपणी ते ओसाकातल्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवरचे लहान मुलांचे पाळणे आणि घोडे दुरुस्त करत. तिथून सोल्डरिंग, तिथून सर्किट, आणि मग एक दिवस त्यांनी स्वतःच एक गेम काढला. जपानात तो चालला. पण कंपनीचा नियम असा, की गेमच्या शेवटी खरी नावं द्यायची नाहीत. दुसऱ्या कंपन्या माणसं पळवतात म्हणून. त्यामुळे त्यांचं नाव कुणाला कळलं नाही. कळलं ते फक्त वरच्या साहेबांना, आणि त्यांनी कुराहाशींना बढती दिली. बढती म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या गेमची वेळापत्रकं सांभाळायची. "हाताला काम नाही. फक्त सही," ते म्हणाले होते. पाच वर्षं सह्या करून झाल्यावर त्यांनी अमेरिकेतली ही जागा मागून घेतली. इथे ऑफिस लहान, म्हणून प्रोड्यूसरलाच सगळं करावं लागे, आणि त्यांना नेमकं तेच हवं होतं. बायको ओसाकालाच होती, सासूचं आजारपण काढत.

नवीन गेम तयार होत आला की त्याचं एक मशीन खऱ्या गिऱ्हाइकांत नेऊन ठेवायचं आणि लोक कसे खेळतात ते पाहायचं, ही त्या धंद्याची रीत. आमचं मशीन नेपरव्हिलमधल्या एका बोलिंग अ‍ॅलीत असे. मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेले तेव्हा पाहिलं, की हे गृहस्थ गेमकडे पाहतच नाहीत. मशीनच्या बाजूला, जिथून स्क्रीन दिसणं शक्य नाही अशा जागी एका खांबाला टेकून ते उभे, आणि नजर खेळणाऱ्याच्या पायांवर. मी विचारलं तर म्हणाले, गेम त्यांना पाठ आहे, त्यात बघायचं काय. हात खोटं बोलतात, तोंड तर बोलतंच, पण माणूस खरोखर रंगला की टाचा उचलल्या जातात. मग खिशातल्या वहीत काहीतरी टिपून ठेवायचे. अर्ध्या तासाने अ‍ॅलीचा मॅनेजर आला आणि अतिशय सभ्यपणे मला म्हणाला, की मॅडम, तुमच्यासोबतचे हे जेंटलमन लोकांच्या बायकापोरांच्या पायांकडे टक लावून पाहतायत, तक्रारी येतायत. मी त्याला टाचांचं शास्त्र समजावून सांगितलं. त्याचा विश्वास बसला असं मला वाटत नाही, पण तिथून पुढे त्याने आम्हाला खांबापाशी एक स्टूल आणून दिलं. त्यावर मी बसत असे.

एकदा रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. श्रीकांतला नागपूरकडचा पाहुणचार अंगात असल्यामुळे तो त्यांना दर दोन मिनिटांनी "प्लीज सीट डाउन" म्हणत होता आणि ते दर दोन मिनिटांनी टेकून पुन्हा उठत होते. शेवटी ते सापडले ते मेघनाच्या खोलीत, जमिनीवर. मी तिला सागरगोटे शिकवले होते, म्हणजे मागच्या अंगणातले गोल खडे. ओसाकात त्यांच्या आईने तांदळाच्या छोट्या पिशव्या शिवून असाच काहीतरी खेळ शिकवला होता म्हणे. पाऊण तास ते आणि मेघना खडे झेलत होते, आणि दर डावाला ते एक नियम बदलत होते. मेघना सात वर्षांची, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. तिने मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, "Aai, Kurahashi-kaka won't let it be done." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला हसू आलं होतं तेव्हा. आज वाटतं, त्या पोरीला ते माझ्याआधी कळलं.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी बर्फाचा गेम काढला. पहाटे रस्त्यावरून बर्फ ढकलत जाणारी गाडी त्यांनी इथे आल्यावर पाहिली आणि ते वेडेच झाले होते तिच्यापायी. गेममध्ये आपण त्या गाडीचे ड्रायव्हर. वरून बर्फ पडतोय, समोरून गाड्या घसरत येतायत, आणि सकाळ व्हायच्या आत गल्ली साफ करायची. एक गल्ली झाली की दुसरी. कल्पना छानच होती. पण बोलिंग अ‍ॅलीत लोक दोन डाव खेळत आणि निघून जात. टाचा काही उचलल्या जात नव्हत्या.

मग ओसाकाहून पत्र आलं. हेड ऑफिसचे ओकुमुरा नावाचे साहेब शुक्रवारी येणार. गेम पसंत पडला तर कंपनी तो काढणार आणि कुराहाशी इथेच राहून पुढचे गेम करणार. नाही पडला तर त्यांनी परत जाऊन आपल्या जुन्या टेबलाशी बसायचं. कुराहाशींनी मला ते पत्र इंग्रजीत सांगितलं आणि वर म्हणाले, "परत सही." त्यांचा चेहरा पाहून मला काही विनोद सुचला नाही.

सोमवारी त्यांनी बारा बदल सांगितले. एका दिवसात बारा. गाडीचा वेग, बर्फाचा वेग, आवाज, काय नि काय. त्यातला एक बदल चार नंबरच्या चिपेत होता. तोपर्यंत गेममध्ये एक गल्ली साफ झाली की दुसरी सुरू होण्याआधी सात सेकंद काहीच होत नसे. बर्फ थांबायचा, गाडी स्वच्छ रस्त्यावर नुसती उभी असायची. ते सात सेकंद त्यांना काढून टाकायचे होते. लोक तिथे कंटाळतात, म्हणाले. मी सकाळपासून चिपा पुसत होते, भरत होते, लेबलं लावत होते, आणि ते माझ्या खुर्चीमागे दोन्ही पायांवर आळीपाळीने भार देत उभे होते. संध्याकाळी मी सहाच्या सहा चिपा बसवून बोर्ड बंद केला आणि घरी जाऊन कुणाशी न बोलता झोपले.

मंगळवारी मशीन अ‍ॅलीत गेलं आणि गर्दी झाली. खरीखुरी गर्दी. मशीनच्या काचेवर पुढच्या डावासाठी नाणी रांगेत ठेवलेली, मागून पोरं ओरडून सल्ले देतायत. एक दाढीवाला ट्रक ड्रायव्हर तासभर हलला नाही. आणि कुराहाशी आपल्या खांबाला टेकून त्याच्या बुटांकडे पाहत होते, आणि बुटांच्या टाचा जमिनीपासून चांगल्या दोन बोटं वर होत्या. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. वही मिटून खिशात ठेवली. इतकं शांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ऑफिसला परत येऊन मी माझं टेबल आवरत होते. टिश्यू पेपरच्या खाली एक चिप सापडली. वर माझ्याच अक्षरात चार नंबर आणि सोमवारची तारीख. म्हणजे मी नवीन चार नंबर आधीच पुसून ठेवलेल्या एका जादा चिपेत भरली, लेबल लावलं, आणि बोर्डात बसवली ती जुनीच. अकरा बदल झाले होते, बारावा झालाच नव्हता. गेम पळत होता आता दुप्पट वेगाने, पण ते सात सेकंद त्यात तसेच होते. जो कुणी स्क्रीनकडे एकदा पाहील त्याला ते पहिल्या गल्लीलाच कळलं असतं. कुराहाशी स्क्रीनकडे पाहतच नव्हते.

मी ती चिप पर्समध्ये टाकली आणि घरी गेले. का, ते सरळच सांगते. घाबरले. ऑफिसातून त्या वर्षी चार माणसं कमी केली होती, आणि मला परत त्या भिंतींशी भांडायला जायचं नव्हतं. शिवाय सगळे खूश होते, मग कशाला उगाच, असंही मनाला समजावलं. बुधवारी कुराहाशींनी सगळ्या ऑफिसला डोनट आणले. सेल्सच्या हॅरल्डने त्यांच्या पाठीत थाप मारली आणि त्यांनी ती मारू दिली. माझ्या टेबलाशी येऊन ते लोणच्याची वाट पाहत उभे राहिले, फोड खाल्ली, आणि त्या दिवशी एकही बदल सांगितला नाही.

गुरुवारी दुपारी मला राहवेना. मी चिप त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, ही मशीनमध्ये असायला हवी होती. आत्ताच सापडली. 'आत्ताच' हे मी घरून ठरवून आणलं होतं.

त्यांनी लेबल वाचलं. कोट न घालताच ते गाडीकडे गेले, आणि मी त्यांचा कोट घेऊन मागे धावले. अ‍ॅलीत जाऊन ते त्या दिवशी पहिल्यांदा खेळणाऱ्यांच्या मागे, स्क्रीनसमोर उभे राहिले. बराच वेळ. गल्ली साफ झाली की बर्फ थांबायचा. खेळणारा मशीनचा दांडा सोडायचा, हात झटकायचा, शेजाऱ्याकडे वळून काहीतरी बोलून हसायचा, आणि मग पुन्हा दांडा धरायचा तेव्हा आधीपेक्षा घट्ट धरायचा. दर वेळी हेच.

"श्वास घेतात," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, "मला थांबता येत नाही. मला वाटलं, कुणालाच नको असतं."

परतताना गाडीत मी त्यांना विनवलं, की ओकुमुरांना सांगू नका. सांगा, की विचार करून ते सात सेकंद तसेच ठेवले. कोण विचारायला येणार आहे? गेम तर चांगला झाला ना?

"पण मी ठरवलं नाही," ते म्हणाले. एवढंच.

शुक्रवारी ओकुमुरा आले. उंच, बारीक, मृदू बोलणारे गृहस्थ. हॅरल्ड असल्यामुळे मीटिंग इंग्रजीत होती. त्यांनी अ‍ॅलीतली गर्दी सकाळीच पाहिली होती आणि ते प्रसन्न होते. बदलांची यादी त्यांनी नुसती वरवर चाळली आणि बाजूला ठेवली. मी चिपांचा ट्रे हातात धरून दाराशी उभी होते आणि मनात म्हणत होते, गप्प राहा, आता गप्प राहा.

कुराहाशी उठले, म्हणजे पुढे आले, कारण ते उभेच होते. कमरेत वाकले आणि वाकलेलेच राहिले. म्हणाले, की यादीतला बारावा बदल मशीनमध्ये नाही. चुकून जुनी चिप बसली. गेम चालला तो त्या चुकीमुळे, आणि दोन दिवस त्यांना स्वतःला हे माहीत नव्हतं. चूक का चालली ते नीट समजून घ्यायला त्यांना तीन आठवडे हवेत.

ओकुमुरांनी विचारलं, चिप कुणी बसवली.

"मी," कुराहाशी म्हणाले.

खोलीत चिपा बसवणारी व्यक्ती एकच होती आणि ती ट्रे घेऊन उभी होती. हॅरल्डने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. इंग्रजीत ते चार शब्दांचं होतं. मी ते बोलले नाही. मला तेव्हा माझी लाज वाटली आणि अजून वाटते.

ओकुमुरा वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाजूला ठेवलेली यादी पुन्हा जवळ ओढून वाचली. मग म्हणाले, गेम आहे तसा काढू, तीन आठवडे नकोत. आणि आपल्याच मशीनमध्ये काय आहे हे ज्याला दोन दिवस कळलं नाही, त्याला हेड ऑफिसपासून इतक्या लांब एकट्याने काम करू देणं बरोबर होणार नाही. हे त्यांनी इतक्या सौम्यपणे सांगितलं, की हॅरल्डला वाटलं कुराहाशींना बढतीच मिळाली. एका अर्थी मिळालीही. ओसाकाचं टेबल आता आधीपेक्षा मोठं होतं.

डिसेंबरात मीच त्यांना विमानतळावर सोडायला गेले. एक सुटकेस, आणि मांडीवर मी दिलेली लोणच्याची बरणी, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग होते. ते खिडकीतून बाहेर पाहत होते आणि त्यांचा एक गुडघा सारखा हलत होता. मी आठवडाभर घोकलेलं इंग्रजी वाक्य विसरले आणि जे तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, कुराहाशी-सान, मी खोटं बोलले. ती चिप मला गुरुवारी नाही सापडली. मंगळवारी सापडली. मला मंगळवारपासून माहीत होतं. तेव्हाच सांगितलं असतं, तर तुम्ही ओकुमुरा यायच्या आत बुधवारभर स्क्रीन पाहिली असती, समजून घेतलं असतं, आणि शुक्रवारी तो गेम तुमचा असता. तुम्ही आज इथे असता.

मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. टोलनाका गेला, विमानतळाच्या पाट्या सुरू झाल्या.

"मंगळवार," ते म्हणाले. "मंगळवारी संध्याकाळी मी बायकोला फोन केला. तिकडे सकाळ होती. मी सांगितलं, जमलं. मी केलं. ती रडली. मग बुधवार पूर्ण. गुरुवारी दुपारपर्यंत." त्यांनी बोटांवर मोजलं. "पंचवीस वर्षं काम करतोय, वसुधा-सान. जमलं असं फक्त त्या दोन दिवसांत वाटलं. तुम्ही मंगळवारी सांगितलं असतं, तर तेही नाही."

विमानतळाच्या दाराशी मी गाडी कडेला थांबवली. त्यांनी स्वतःच डिकीतून सुटकेस काढली, बरणी काखेत धरली आणि माझ्या खिडकीपाशी आले. मी काच खाली केली.

"थँक यू," ते म्हणाले. आणि ओकुमुरांसमोर वाकले होते तितकेच खोल वाकले, बर्फाच्या चिखलात, लोक सामान घेऊन दोन्ही बाजूंनी जात असताना.

मला उतरता आलं असतं. मी स्टिअरिंग धरून बसून राहिले. ते सरळ झाले, वळले आणि आत गेले, आणि काचेच्या दारापलीकडे बराच वेळ त्यांचे पांढरे केस इकडून तिकडे जाताना दिसत होते. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा मी निघाले.